समुद्रावर असताना आलेला फोन

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला बसलं तर आधी तुमचं खाकरणं आठवतं, मग आवाज. आज तुम्हाला लिहायला बसले आहे ते काही आठवण दाटून आली म्हणून नाही. एक गोष्ट आहे, ती जिवंत माणसाला सांगता येत नाही, आणि गेलेल्यांपैकी ती समजू शकेल असे तुम्ही एकटेच आहात. हे कौतुक समजू नका.

मी परळीत असते. विजेच्या कारखान्याची राख अजून दोरीवरच्या कपड्यांवर बसते आणि मी अजून ती झटकते. शाळेतली नोकरी संपली. नवरा जनावरांच्या दवाखान्यात होता, तोही घरी बसला. तुम्ही त्याला पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, कारण त्याचे आईबाप दर दिवाळीला कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे आणि तुम्ही साखर कारखान्याचे संचालक. तुमच्या माघारी मायनं हे लग्न लावून दिलं. तिनं तुमच्याविरुद्ध केलेली ही एकच गोष्ट, तीही तुम्ही नसताना. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, पण तुम्हाला लिहिताना 'तो'च लिहीन, म्हणजे सांगायला सोपं जाईल.

तुम्हाला तो अभ्यास दौरा आठवत असेल. आपल्या कारखान्याची ती रीतच होती, पाऊसपाणी चांगलं असलं की संचालक कारखान्यावर दिसायचे आणि दुष्काळ पडला की अभ्यासाला निघायचे. त्या साली उसाचं टिपरू उभं नव्हतं, गाळप होणारच नव्हतं, म्हणून तुम्ही सगळे बायकांना घेऊन कोकणात मच्छीमारांची सोसायटी बघायला निघालात. मासे बघून ऊस कसा वाढणार होता, ते मला कधी कळलं नाही. मी पाचवीत होते. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून मला जीपमध्ये मागं कोंबलं. मायनं समुद्र पाहिला नव्हता. समुद्र सोडा, तिनं धारूरचा किल्लासुद्धा लांबूनच पाहिला होता, आणि तिचं माहेर त्या किल्ल्यापासून दोन कोसांवर.

आपल्याकडे ढग यायचे आणि तोंड दाखवून जायचे. कोकणात घाट उतरलो तर धुकं, पुढं ऊन, ऊन म्हणेपर्यंत सर, आणि सर थांबली की पुन्हा ऊन. दिवसातून चार वेळा हवा बदलायची. डाकबंगल्यावर पोचलो आणि पाऊस आला तशी माय बावरली. तिनं न्हाणीतली बादली उचलली, घंगाळ उचललं, तांब्या, पेला, हाताला लागेल ते पागोळ्यांखाली नेऊन मांडलं. पाणी पडतंय आणि वाहून जातंय हे तिला बघवेना. चेअरमनची बायको व्हरांड्यात उभी राहून तोंडाला पदर लावून हसली. तुम्ही आलात, बादलीला लाथ घातलीत, आणि चार माणसांत म्हणालात, "अडाणी ती अडाणीच. कुठं काय करावं कळतंय का न्हाई बे तुला?" बाईला बे म्हणत नाहीत आबा, तेही तुम्ही म्हणालात, आणि बाकीचे संचालक हसले. माय एकेक भांडं उचलून आत नेऊन ठेवायला लागली. तांब्यातलं पाणी तिनं ओतलं नाही, पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डाकबंगल्याचा खानसामा तुम्हाला बोलवायला आला. कारखान्याच्या ऑफिसातून ट्रंक कॉल होता. मी तुमचं बोट धरून होते, म्हणून मला तुमची बाजू ऐकू आली. "कवा?... कशी?... आडात?" मायची आई गेली होती. कारखान्याचा टँकर तुम्हीच मोठ्या दिमाखात तिच्या माहेरगावाला पाठवला होतात, टँकर आडात रिकामा केला, बायकांची झुंबड उडाली आणि म्हातारी कठड्यावरून आत पडली. तुम्ही फोन ठेवला. थोडा वेळ मिशीवरून बोट फिरवत उभे राहिलात. मग खाली वाकून मला म्हणालात, "मायला सांगायचं न्हाई. गेलेलं माणूस कुठं पळून जात न्हाई. दोन दिसानं सांगितलं तरी ते गेलेलंच असतंय." आणि खानसाम्याकडून फणसपोळी आणवून माझ्या हातात दिलीत. मी ती खाल्ली, आबा. आवडली मला.

तुम्ही का लपवलंत ते मला फार उशिरा समजलं. त्या दौऱ्याच्या शेवटच्या जेवणाला व्हाइस चेअरमन कोण ते ठरणार होतं. जीप मागं फिरवली असती तर तुमचं नाव मागं पडलं असतं. आधी मला वाटायचं तुम्हाला मायची सहल मोडायची नव्हती. लहानपणी बापाबद्दल असं चांगलं चांगलं वाटत असतं.

पुढचे दोन दिवस माय जशी होती तशी मी तिला आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. किनाऱ्याकिनाऱ्यानं जीप चालली होती. एका बाजूला नारळीची झाडं, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसऱ्या वळणाला पाऊस, चौथ्याला ऊन. खाडी ओलांडताना लाँचमधून कुणीतरी ओरडलं आणि पाण्यातून काळ्या पाठी वर आल्या. लाँचवाला म्हणाला, गादा मासा, म्हणजे डॉल्फिन. माय उभी राहिली, कठडा धरला आणि म्हणाली, "आगं बाई, म्हशी डुंबायल्यात की! आवो, बघा की, म्हशी!" आणि तोंड उघडं टाकून हसली, सगळे दात दिसेपर्यंत. चेअरमनची बायकोसुद्धा हसली, या खेपेला चांगलं हसली. मी तिच्या शेजारी उभी. मला ठाऊक होतं की हिची आई गेली, आणि हिला ठाऊक नव्हतं. खोटं वाटेल, पण त्या वेळी मला आपण मायपेक्षा मोठे झालो असं वाटलं.

परत येताना धारूरच्या फाट्यावर तुम्ही जीप थांबवून खाली उतरलात, टपरीवर काहीतरी विचारल्यासारखं केलंत, आणि येऊन म्हणालात, "आत्ताच कळलं. तुझी आई गेली. परवा." माय ओरडली नाही. तिनं विचारलं, "माती झाली?" तुम्ही म्हणालात, "झाली." मग ती मागं वळली आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. तिला कळलं होतं की नाही, हे तिनं मरेपर्यंत मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तुम्ही व्हाइस चेअरमन झालात.

आता माझं सांगते.

नवऱ्याला एक बहीण होती, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. आईबाप सहा-सहा महिने फडावर असायचे, तेव्हा अक्कानं त्याला सांभाळलं. स्वतः शाळा सोडली आणि त्याला शाळेत धाडलं. तिचं लग्न धारूरकडच्याच एका गावात झालं, तरी ती त्याची आईच राहिली. संसारातल्या कुठल्याही गोष्टीला आमच्याकडे अक्काचा होकार लागायचा. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला निघणार होतो, अक्काचं पोट दुखायला लागलं आणि आम्ही तिला घेऊन अंबाजोगाईच्या दवाखान्यात आठ दिवस बसलो. पुढं एकदा गोव्याची तिकिटं काढली होती, अक्काच्या लेकीची सोयरीक जमली. एकदा अक्काचा मोतीबिंदू. एकदा नुसतंच, अक्काला करमत नाही. मी तीस वर्षं पिशव्या भरल्या आणि रिकाम्या केल्या. बरं, ती वाईट असती तर मला बोलता तरी आलं असतं. ती कधी कुणाला वाईट बोलली नाही. आजारी पडायची तीसुद्धा ओशाळून. "माज्यामुळं तुमचं राहिलं गं," म्हणायची आणि माझा हात धरायची, आणि मला तिच्या हाताचा राग यायचा.

शेवटी या फाल्गुनात आम्ही निघालो. स्वतःची छोटी गाडी, मी आणि तो. निघताना अक्कानं धपाटे दिले, शेंगदाण्याची चटणी दिली. म्हणाली, "समिंदर बघून या. मला सांगा कसा असतोय त्यो." नवरा साठीला आलेला माणूस, गळ्यात दुर्बीण घालून पोरासारखा झाला होता. नोकरीत त्यानं आयुष्यभर म्हशींच्या कासा आणि बैलांचे खूर बघितले, चारा छावण्यांत हाडं निघालेली जनावरं टोचली, त्याला आता कुणाला सुई न मारता नुसतं बघायचं होतं. दर वळणाला गाडी थांबवायचा. समुद्रगरुड दिसला की वहीत लिहायचा. कुरव पक्ष्यांचा थवा लाँचमागं आला तर चिवडा उडवत बसला. हवेचं तेच, सकाळी धुकं, दुपारी घाम, संध्याकाळी काळे ढग आणि अवकाळी सरी. पांघरूण घ्यावं की पंखा लावावा, काही कळायचं नाही. आम्ही एकमेकांशी इतकं बोललो की दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला.

ज्या गावात उतरलो तिथं समुद्री कासवं वाळूत अंडी घालतात. गावकरी ती जाळीच्या कुंपणात सांभाळतात आणि पिल्लं वर आली की पाण्यात सोडतात. दोन दिवस वाट पाहिली, हवा थंडावली म्हणून पिल्लं वर येईनात. तिसऱ्या दिवशी घरमालक म्हणाला, "आता ऊन लागलंय, उद्या सकाळी नक्की. तुमचं नशीब आहे हो." नवरा खूश होऊन मागच्या वाडीत धनेश पक्षी बघायला गेला. त्याचा फोन खाडी ओलांडताना भिजला होता, बंद होता. माझा वाजला. पाच वाजले असतील, मी गॅलरीत उभी होते, समोर लख्ख ऊन आणि पाण्यावर पावसाचा एक पडदा लांब उभा.

भाचा होता. "मामी, आई गेली वो. आत्ताच, चारला. मामाला घिऊन निघा तुमी. माहेरचं लुगडं मामाच्याच हातचं पाह्यजे, आई लई वेळा बोलली हुती. आमी सकाळपोत्तर थांबतो." तुम्हाला माहीत आहे आपल्याकडची रीत. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं, भावाच्या हातचं. त्यावाचून तिला उचलत नाहीत. लगेच निघालो असतो तर उजाडायच्या आत पोचलो असतो.

मी म्हणाले, "हॅलो? हॅलो? आवाज येईना."

तो ओरडला, "मामी, आई गेली!"

"हॅलो? काही ऐकू येईना बाबा. रेंज न्हाई इथं."

फोनच्या चारही काड्या भरलेल्या होत्या. त्याच्या मागं बायकांचं रडणं ऐकू येत होतं, त्यातली एक कोण तेही मी ओळखलं. तो तिसऱ्यांदा ओरडला, रडत, "मामी, ऐकायलाव का?" आणि मी हॅलो हॅलो म्हणत फोन बंद करून टाकला. कुणी शिकवल्यासारखं सहज जमलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात तुमचंच वाक्य होतं, गेलेलं माणूस कुठं पळून जात नाही.

रात्रीच्या जेवणाला मोदक होते. बहिणीचं सुतक असलेल्या माणसाला मी तूप सोडून दोन मोदक वाढले, आणि त्यानं तिसरा मागितला तर तोही वाढला.

सकाळी किनाऱ्यावर धुकं होतं, मग बारीक पाऊस आला, मग ऊन पडलं. अंड्यांवर पालथ्या घातलेल्या टोपलीखालून पिल्लं काढून वाळूवर ठेवली, तळहाताएवढीसुद्धा नव्हती. ती पाण्याकडे निघाली, लाट मागं ढकलायची की पुन्हा निघायची. नवरा ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसला. "चल, चल रे लेका," असं एकेकाला म्हणत होता. शेवटचं पिल्लू पाण्यात गेलं तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "अक्काला आणायला पाह्यजे हुतं गं. पुढल्या साली आणू." मी म्हणाले, "आणू की." मग मी माझ्या रुमालानं त्याच्या दुर्बिणीच्या काचा पुसून दिल्या.

नऊ वाजता गाडीत बसल्यावर मी फोन चालू केला आणि म्हणाले, "आली बघा रेंज." लगेच भाच्याचा फोन आला, तो मी नवऱ्याच्याच हातात दिला.

त्या दिवसभरच्या प्रवासाचं काय लिहू. लाँच अर्धा तास उशिरा आली, घाटात धुकं, पुण्याच्या पुढं ऊन, बीड यायच्या आधी गारा. वाटेत एका दुकानात त्यानं लुगडं घेतलं, हिरवं, भाव विचारला नाही. संध्याकाळी पोचलो. त्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली होती, त्यापुढं उन्हात मयत ठेवता येईना. मग भाच्यानं धारूरच्या बाजारातून लुगडं आणलं आणि अक्काच्या माहेरगावचा एक गडी भाऊ म्हणून उभा करून त्याच्या हातून घातलं. नवरा त्या माणसासमोर जाऊन बसला. आणलेलं लुगडं मांडीवर. त्यानं विचारलं, "कंच्या रंगाचं हुतं?" तो माणूस म्हणाला, "आता ध्यानात न्हाई बघा, भाऊ." भाचा माझ्यापाशी येऊन रडला. "मामी, तीनदा वरडलो, पण तुम्हाला ऐकूच जायना." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तेव्हापासून नवरा भेटेल त्याला सांगतो की रेंज नव्हती. फोनची कंपनीसुद्धा बदलली त्यानं. कोकणात फिरायला निघालेल्या शेजाऱ्याला परवा बजावत होता की तिकडं जाऊ नका, तिकडं घरचं कुणी गेलं तरी कळत नाही. मी आत भाकरी थापत होते. मला हसू आलं, मोठ्यानं नाही. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर मी तुम्हाला लिहिलं नसतं. पण आता तो रात्री झोपत नाही. म्हणतो, भिजलेला फोन त्यानं उन्हात वाळवून चालू करून बघायला हवा होता, वाडीत पाखरं बघत हिंडला, चूक त्याचीच. तो सुकत चालला आहे. त्याला सांगितलं तर हे ओझं त्याच्यावरून उतरेल, मला ठाऊक आहे. एका वाक्यात उतरेल.

आणि मी सांगणार नाही. तो मारेल किंवा सोडून जाईल, अशी भीती असती तर बरं होतं. त्यातला तो नाही. तो रडेल आणि मग मला माफ करील, अक्कासारखं, हात धरून. उरलेली वर्षं मला त्या माफीखाली काढावी लागतील. त्यापेक्षा त्यानं स्वतःला दोष दिलेला मला परवडतो. हे लिहितानाही माझं अक्षर सरळ आलं आहे.

तुमच्यावर ढकलावं म्हणूनच लिहायला बसले होते. पाचवीतल्या पोरीच्या हातात फणसपोळी देऊन तुम्ही तिला काय शिकवलंत, असं तुम्हाला खडसवायचं होतं. चार पानं लिहिल्यावर आता ते खोटं वाटतं. तुम्हाला खुर्ची हवी होती, मला सकाळ हवी होती. त्याला कुणाची शिकवणी लागली नाही. एकच विचारायचं होतं, त्या दोन दिवसांचा तुम्हाला पुढं कधी पस्तावा झाला का. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा माय तुमच्या तोंडात चमच्यानं पाणी घालायची आणि तुम्ही तिच्याकडे बघायचात, त्या बघण्याचा मी पुष्कळ अर्थ लावला. पण खरं सांगते, मला उत्तर 'नाही' असंच हवं आहे. तुम्हाला पस्तावा झाला होता असं कळलं तर मी एकटी पडेन.

तो आत्ता दारातून डोकावून विचारून गेला, "कशापायी बसलीस एकटी? काय लिहायलीस?" मी म्हणाले, "आबांना." त्याला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. म्हणाला, "सासऱ्याला माझा बी रामराम लिही." लिहिला. ही पानं आता चुलीत घालीन, घरात ठेवून चालणार नाही, त्याला माझं अक्षर लागतं. जाळण्याआधी एवढं तुम्हाला सांगून टाकते, कारण हे मी वर लिहिलेलं नाही, तिथं मुद्दाम त्याचंच सांगितलं. वाळूत तो गुडघ्यांवर बसला होता, मी त्याच्या मागं उभी होते, अक्का गेलेली होती आणि ते फक्त मला माहीत होतं. आबा, इतकं सुख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.